ऊसतोडणी कार्यक्रमाचे गणित : गळीत हंगाम 2024-25 च्या प्रकल्प नोंदी

10 जून 2024

पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी विभागासाठी आमच्या गटाने आजपासून काम हाती घेतले. येत्या हंगामात कोणत्या प्लॉटचा ऊस कोणत्या दिवशी आणि कोणत्या टोळीने (ऊसतोड मजुरांच्या समूहाने) तोडायचा, एवढाच प्रश्न आहे. आजवर हा कार्यक्रम लागणीच्या तारखेच्या क्रमाने ठरत आला आहे आणि गावोगावच्या सभासदांनी तो क्रम मान्य केलेला आहे. ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, हा नियम कोणालाही समजतो आणि कोणालाही पडताळून पाहता येतो. मात्र ऊस केवळ तारखेने पक्व होत नाही. वाण, लागणीचा हंगाम, जमीन, पाणी आणि हिवाळ्यातील थंडी या सर्वांवर त्याची पक्वता ठरते.

या कामात किती पैसा गुंतलेला आहे, याचा अंदाज साध्या हिशोबाने येतो. दिवसाला 5,000 टन गाळप आणि 150 दिवसांचा हंगाम धरला, तर साडेसात लाख टन उसाचे गाळप होते. साखर उतारा, म्हणजे गाळलेल्या उसातून हाती येणाऱ्या साखरेचे शेकडा प्रमाण, केवळ 0.1 टक्क्याने वाढला तरी 750 टन साखर जादा मिळते आणि 2019 पासून लागू असलेल्या 31 रुपये किलो या किमान विक्री दरानेसुद्धा तिची किंमत 2 कोटी 32 लाख रुपयांहून अधिक भरते. यासाठी एकही सरी जादा लावावी लागत नाही, की गिरणीत एकही नवे यंत्र बसवावे लागत नाही. फक्त क्रम बदलावा लागतो. तोडीच्या क्रमावरून गावात काय काय घडते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या ‘फक्त’चे वजन सांगावे लागणार नाही.

24 जून 2024

मागील पाच हंगामांच्या ऊस नोंदी आणि वजनकाट्याच्या पावत्या मिळाल्या. नोंदीत सभासदाचे नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, वाण, लागणीची तारीख आणि लागण की खोडवा (तोडीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेले पीक) एवढी माहिती असते. काट्याच्या पावतीत सभासद क्रमांक, वाहन आणि वजन असते, परंतु गट नंबर नसतो. एका सभासदाचे तीन ठिकाणी तीन प्लॉट असतील, तर काट्यावर आलेली खेप नेमकी कोणत्या प्लॉटची हे पावतीवरून कळत नाही. तोडणीच्या चिठ्ठीवर ते असते. म्हणून या चिठ्ठ्या जुळवण्याचे कंटाळवाणे काम आधी हाती घेतले.

क्षेत्र काही गावांत आरमध्ये, काही गावांत गुंठ्यांत, तर काही ठिकाणी एकरात लिहिलेले आहे. आर आणि गुंठा यांत एका टक्क्याचाच फरक असल्याने ती गल्लत निभावून जाते. मात्र ‘1.20’ हा आकडा एक हेक्टर वीस आर आहे की एक एकर वीस गुंठे, हे चिटबॉयला, म्हणजे गावात ऊस नोंदी ठेवणाऱ्या कारखान्याच्या कर्मचाऱ्याला, विचारल्याशिवाय ठरत नाही, कारण दोन्ही अर्थांत दुपटीचे अंतर आहे. अशा सर्व ओळी वेगळ्या काढून कारखान्याच्या त्या-त्या गट कार्यालयाकडे पाठवल्या.

12 जुलै 2024

या प्रकल्पातील सर्वांत अवघड भाग आज समोर आला, म्हणून तो सविस्तर नोंदवतो.

क्रम लावायचा तर प्रत्येक प्रकारच्या उसात कोणत्या आठवड्यात किती साखर असेल, याचा आलेख हातात हवा. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण सोळा ते अठरा महिन्यांची होऊन तोडीला येते, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिन्यांनी आणि ‘सुरू’ हंगामाची बारा महिन्यांनी. खोडवा लागणीपेक्षा लवकर पक्व होतो. को 86032 हा वाण मध्यम काळात पक्व होऊन बराच काळ साखर टिकवतो. कोसी 671 लवकर तयार होतो आणि त्याला साखरही भरपूर असते. पण लाल कुज रोगाला तो बळी पडतो, म्हणून त्याचे क्षेत्र घटले. को एम 0265, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडचा ‘265’, टनेज चांगले देतो आणि क्षारपड जमिनीतही तग धरतो. परंतु हंगामाच्या सुरुवातीला त्यात साखर कमी असते. हे सर्व शेतकी विभागाला तोंडपाठ आहे. आम्हाला मात्र ते आकड्यांत हवे होते, आणि याच कारखान्याच्या जमिनीतले हवे होते.

अडचण अशी की गव्हाणीत, म्हणजे गिरणीत ऊस टाकण्याच्या जागी, सगळा ऊस एकत्र पडतो. काट्यावर वजन शेतकऱ्यागणिक होते, साखरेचे मोजमाप मात्र साऱ्या दिवसाच्या मिश्र उसाचे होते. रोजच्या मिश्रणात कोणत्या वाणाचे किती टन होते आणि त्या दिवशी प्रयोगशाळेला उसात किती टक्के पोल (साखरेचे प्रयोगशाळेतील माप) मिळाली, एवढ्या दोन गोष्टींवरून प्रत्येक वाणाचा वाटा मागे जाऊन काढायचा आहे. यासाठी आम्ही उतारा न घेता उसातील पोल घेतली. उताऱ्यात बगॅस (उसाचा चोथा), प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) आणि मळीतून जाणारी साखरेची घट मिसळलेली असते आणि ती गिरणीच्या कामगिरीवर अवलंबून असते. तिचा दोष किंवा श्रेय उसाच्या माथी मारणे योग्य नाही.

प्रतिगमनाने, म्हणजे मिश्र आकड्यांतून प्रत्येकाचा वाटा काढण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धतीने, काही वाणांचे आलेख नीट निघाले. इतरांच्या बाबतीत उत्तर डळमळीत आहे आणि त्याचे कारण आकडेमोडीत नसून जुन्या नियमात आहे. क्रम लागणीच्या तारखेने असल्यामुळे नोव्हेंबरात दरवर्षी आडसालीच गाळली गेली आहे. नोव्हेंबरातील खोडव्यात किती साखर असते, हे या कारखान्याच्या नोंदींना कधी पाहायलाच मिळालेले नाही. जे कधी केले गेले नाही त्याची माहिती जुन्या नोंदींत नसते आणि कितीही शक्तिशाली संगणक लावला तरी ती निर्माण होत नाही. ही पोकळी शेतात जाऊन, रस मोजूनच भरावी लागेल. सप्टेंबरपासून नमुने घेण्याचा प्रस्ताव दिला.

5 ऑगस्ट 2024

उपग्रह चित्रांबद्दल संचालकांपैकी काहींना फार आशा आहे, म्हणून त्यांची मर्यादा स्पष्ट लिहून दिली. सेंटिनेल-2 ची चित्रे दहा मीटर तपशिलाची असतात आणि साधारण पाच दिवसांनी मिळतात. उभ्या उसाचे क्षेत्र पडताळायला आणि तोड झालेला प्लॉट ओळखायला ती उत्तम आहेत. पावसाळ्यात मात्र ढगांखालचे काही दिसत नाही, आणि उसाच्या कांड्यातील साखर पानांच्या हिरवेपणावरून थेट वाचता येत नाही. आम्ही त्यांचा उपयोग क्षेत्र तपासण्यापुरताच करणार आहोत.

6 सप्टेंबर 2024

नमुन्यांचे काम सुरू झाले. पोकळ सुई कांड्यात खुपसून रसाचा थेंब हस्त-रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर घ्यायचा, झाकण लावून उजेडाकडे धरायचे आणि निळ्या-पांढऱ्या सीमारेषेवरचा आकडा वाचायचा. प्रत्येक उसाचे खालचे आणि वरचे असे दोन ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घन पदार्थांची टक्केवारी) घेतो. ऊस बुडख्याकडून शेंड्याकडे पिकत जातो, त्यामुळे दोन्हींचे गुणोत्तर एकाजवळ आले की तो तोडीला आला असे धरतात. आज नदीकाठच्या 265 च्या प्लॉटमध्ये खाली 20.8 आणि वर 16.6, म्हणजे गुणोत्तर 0.80 मिळाले. माळावरच्या कोसी 671 च्या खोडव्यात खाली 20.2 आणि वर 19.4, म्हणजे 0.96 मिळाले. दोन्ही शेते एकाच गावातली, आणि जुन्या क्रमानुसार 265 ची तोड आधी होणार होती.

काही मोळ्या प्रयोगशाळेत लहान चरकावर गाळून पोलही मोजत आहोत. रसात 20.5 ब्रिक्स आणि 18 टक्के साखर असेल, तर त्यांतील फरकाला 0.4 ने गुणून तो साखरेतून वजा करायचा आणि आलेल्या 17 ला 0.73 ने गुणायचे, 12.41 टक्के ही हाती येऊ शकणारी व्यापारी साखर होते. हे सूत्र रसायनतज्ज्ञांच्या रोजच्या वापरातले आहे, त्यामुळे आमच्या आलेखांवर त्यांचा लगेच विश्वास बसला.

17 सप्टेंबर 2024

तोडीचा कार्यक्रम काढणाऱ्या गणिती प्रतिमानाची मांडणी पूर्ण झाली. दहा हजार प्लॉट आणि 150 दिवस धरले, तर ‘हा प्लॉट या दिवशी तोडायचा की नाही’ असे पंधरा लाख होय-नाही प्रश्न तयार होतात. ते एकदम सोडवण्याऐवजी काम दोन पायऱ्यांत विभागले. पहिल्या पायरीत गाव, वाण आणि लागणीचा पंधरवडा यांनुसार प्लॉटांचे समूह करून कोणत्या आठवड्यात कोणत्या समूहाचे किती टन घ्यायचे, हे रेषीय प्रोग्रामिंगने (दिलेल्या अटी पाळून सर्वोत्तम उत्तर काढण्याच्या गणिती पद्धतीने) ठरते. दुसऱ्या पायरीत त्या आठवड्याचे प्लॉट गावातील टोळ्यांना दिवसागणिक वाटले जातात. पायथन या संगणक भाषेतील पल्प हे साधन आणि त्याच्यासोबत येणारा सीबीसी सॉल्व्हर (उत्तर शोधणारी आज्ञावली) यांवर हे सर्व चालते. कारखान्याला त्यासाठी परवान्याचा खर्च नाही.

टोळीच्या हालचालीची अट आम्ही मुद्दाम कडक ठेवली. बीड, जालना, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून कुटुंबे येतात, खोपी घालून राहतात, जनावरे आणि लहान मुले सोबत असतात. कागदावर टोळी आज या गावात आणि उद्या पलीकडच्या गावात दाखवणे सोपे असते, पण मजुरी टनावर मिळत असल्याने मुक्काम हलवण्याचा प्रत्येक दिवस एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, त्या दिवसाची कमाई बुडवतो. हा दिवस प्रतिमानात खर्च म्हणून धरला आहे. कारखान्याच्या ताळेबंदात तो दिसत नाही, पण कोणाच्या तरी खिशातून तो जातोच.

28 सप्टेंबर 2024

शेतकी अधिकारी, गटप्रमुख आणि चिटबॉय यांच्यासमोर पहिला कार्यक्रम ठेवला. केवळ साखर जास्तीत जास्त मिळावी एवढेच उद्दिष्ट दिल्यावर काय उत्तर येते, ते सर्वांनी पाहावे असा हेतू होता. अपेक्षेप्रमाणे 265 चा बहुतेक ऊस जानेवारीच्या उत्तरार्धात आणि फेब्रुवारीत ढकलला गेला, आणि लवकर पिकणारे खोडवे नोव्हेंबरात आले.

चर्चेत दोन मुद्दे निघाले आणि दोन्ही प्रतिमानाच्या मुळाशी जाणारे होते. पहिला मुद्दा खोडव्याचा. पंधरा फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा चांगला येत नाही, म्हणून कृषी विभागाची शिफारसही त्याआधी तोड झालेल्या उसाचाच खोडवा ठेवावा अशी आहे. म्हणजे कारखान्याच्या साखरेसाठी थांबवलेल्या शेतकऱ्याचे पुढचे पीक पडते, आणि ते नुकसान आमच्या उद्दिष्टात कुठेच नव्हते. याला जोडूनच वजनाचा प्रश्न आहे : तुटलेला ऊस वाळतो तेव्हा काट्याआधीची घट शेतकऱ्याची असते आणि काट्यानंतरची कारखान्याची. दोन्ही घटी एकाच उसाच्या असल्या, तरी केवळ दुसरीच आपोआप मोजली जाते.

दुसरा मुद्दा एका ज्येष्ठ गटप्रमुखांनी मांडला. ते म्हणाले, “सर, यादी बरोबर असंल. पर माझ्या शेजाऱ्याचा ऊस माझ्या आधी का गेला, हे मला एका वाक्यात सांगता येतंय का?” शेतकी अधिकारी म्हणाले, “अण्णा, ते नाही सांगता आलं तर आपण यादी बोर्डावर लावायचीच नाही.” त्यानंतर ठरले की प्रत्येक प्लॉटपुढे कारण छापायचे : लवकर पिकणारा वाण, तुरा आला, खोडवा ठेवणार, टोळी गावात आहे, किंवा मुदत संपत आली. ज्या प्लॉटला असे एका ओळीचे कारण देता येत नाही, तो जुन्या क्रमानेच राहील. गणिताच्या दृष्टीने यामुळे थोडी साखर सुटते. मला हा सौदा पूर्णपणे योग्य वाटतो.

19 ऑक्टोबर 2024

उद्दिष्ट साखरेचेच ठेवले, पण जुन्या क्रमाच्या तुलनेत कोणाचाही ऊस ठरावीक आठवड्यांपेक्षा अधिक मागे जाणार नाही, अशी अट घातली. मग ही मर्यादा आठ आठवड्यांपासून एका आठवड्यापर्यंत घट्ट करत प्रत्येक वेळी प्रतिमान पुन्हा सोडवले. शुद्ध रेषीय प्रतिमानात प्रत्येक अटीची सीमांत किंमत, म्हणजे ती थोडी घट्ट केल्यास किती साखर सुटते ते, सॉल्व्हर स्वतःच देतो. आमच्या दुसऱ्या पायरीत होय-नाही असे पूर्णांक असल्यामुळे ती अशी पुनःपुन्हा सोडवून काढावी लागते.

आलेखाचा आकारच सर्व काही सांगतो. मर्यादा आठवरून चार आठवड्यांवर आणताना मिळणारी साखर जवळजवळ हलत नाही. तीन आठवड्यांच्या खाली मात्र ती झपाट्याने उतरते. पक्व झालेला ऊस काही आठवडे साखर टिकवून ठेवतो, आलेखाचा माथा सपाट असतो, म्हणून थोड्या मागेपुढे होण्याने फार बिघडत नाही. याचा अर्थ असा की सभासदांना न्याय्य वाटेल असा कार्यक्रम आणि भरपूर साखर देणारा कार्यक्रम यांच्यात जेवढा संघर्ष आहे असे सर्वजण गृहीत धरत होते, त्याच्या पुष्कळ कमी संघर्ष प्रत्यक्षात आहे.

हाच आलेख संचालक मंडळापुढे ठेवला आणि निवड त्यांच्यावर सोडली. त्यांनी चार आठवडे आणि खोडवा ठेवणाऱ्यांसाठी पंधरा फेब्रुवारीची मुदत निवडली. कोणत्या अटीची किती किंमत पडते हे मांडणे आमचे काम. ती किंमत मोजायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार सभासदांनी निवडून दिलेल्यांचा. प्रवरानगरचा सहकारी कारखाना विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासोबत उभा करणारे धनंजयराव गाडगीळ स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते आणि पाहणीतून गोळा केलेल्या आकड्यांवर त्यांचा सारा भर होता. सहकारात आकडेमोडीला स्थान नवे नाही, एवढे या निमित्ताने नोंदवावेसे वाटते.

परिणाम मोजता यावा म्हणून गट कार्यालयांच्या जोड्या लावल्या आहेत. जमीन, वाण आणि अंतर यांनी सारख्या असलेल्या प्रत्येक जोडीतील एका गटात नवा कार्यक्रम आणि दुसऱ्यात जुना क्रम राहील. कोणता कुठे, हे चिठ्ठी टाकून ठरवले.

15 नोव्हेंबर 2024

राज्यात आजपासून गाळपाला परवानगी आहे. विधानसभेचे मतदान 20 तारखेला असल्याने अनेक टोळ्या मतदान करूनच निघणार आहेत, त्यामुळे पहिल्या आठवड्यासाठी उपलब्ध कोयते कमी धरून कार्यक्रम पुन्हा सोडवला. यापुढे दर रविवारी आदल्या आठवड्याची प्रत्यक्ष तोड भरून पुढच्या सर्व आठवड्यांचा कार्यक्रम नव्याने काढला जाईल. बोर्डावर मात्र फक्त पुढचे दोन आठवडे लागतील, कारण त्यापलीकडचे बदलणार हे आम्हाला माहीत आहे.

9 डिसेंबर 2024

फेंगल चक्रीवादळ 30 नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागल्यानंतर इकडेही हवा ढगाळ राहिली. रात्री उबदार राहिल्या की साखर भरण्याचा वेग मंदावतो, आणि नमुन्यांत ते दिसले. आलेख त्यानुसार खाली घेतले.

केनयार्डातील, म्हणजे ऊस घेऊन आलेली वाहने थांबतात त्या आवारातील, गर्दीकडेही याच आठवड्यात लक्ष दिले. रांगेच्या शास्त्रातील लिटलचा नियम सांगतो की सरासरी रांग म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी थांबण्याचा वेळ. दिवसाला 5,000 टन येत असतील आणि प्रत्येक खेप बारा तास थांबत असेल, तर यार्डात कायम 2,500 टन ऊस पडून आहे. तुटलेल्या उसातील साखर विघटित होत राहते, जिवाणूंमुळे डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार होऊन रस गाळायलाही त्रास होतो, आणि तोडीपासून गव्हाणीपर्यंत चोवीस तासांच्या आत पोहोचावे ही अपेक्षा यार्डातच अर्धी संपते. बैलगाड्या सकाळी तोड करून संध्याकाळी एकदम येतात आणि पहाटे पुरवठा आटतो. ‘नो केन’मुळे, म्हणजे ऊसच न आल्याने, गिरणी थांबू नये म्हणून सर्वजण यार्ड भरलेले ठेवतात. लांबच्या गावांच्या ट्रॅक्टरांना पहाटेची वेळ देऊन ही भीती कमी केली आहे. चालकांना नंबर लागण्याची खात्री मिळाल्याशिवाय हे टिकणार नाही, म्हणून वेळ चिठ्ठीवर छापली जाते आणि काट्यावर ती पाळली जाते की नाही, हे रोज तपासले जाते.

14 जानेवारी 2025

कार्यक्रमामुळे उतारा वाढला का, असा प्रश्न रोज विचारला जातो. गेल्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करून उत्तर देण्यास मी नकार दिला. गेल्या हंगामात, 7 डिसेंबर 2023 पासून, इथेनॉलसाठी उसाचा रस वापरण्यावर केंद्राने निर्बंध घातले होते आणि या हंगामासाठी ते उठले. रस किंवा बी-हेवी मळी (सगळी साखर काढून न घेतलेली मळी) इथेनॉलकडे वळली की पोत्यांत भरलेली साखर कमी होते आणि उतारा घटल्यासारखा दिसतो. त्यात यंदा राज्यभरच उतारा खाली आहे. दोन हंगामांचे कच्चे आकडे शेजारी ठेवले, तर चांगला कार्यक्रमही वाईट ठरेल, आणि उलट वर्षी वाईट कार्यक्रमही चांगला ठरेल.

आमच्या जोड्या यासाठीच आहेत. दोन्ही प्रकारच्या गटांतील वाहनांतून चिठ्ठी टाकून निवडलेल्या मोळ्या चरकावर गाळल्या जातात आणि तपासणाऱ्याला त्या कोणत्या गटाच्या आहेत हे सांगितले जात नाही. नवा कार्यक्रम असलेल्या गटांचा ऊस पहिल्या सहा-सात आठवड्यांत बहुतेक जोड्यांत वरचढ ठरला. जानेवारीत हा फरक मिटत चालला आहे, आणि तसेच व्हायला हवे : या काळात जवळजवळ सगळाच ऊस पक्व असतो, क्रमाला फारसा अर्थ उरत नाही. लाभ हंगामाच्या तोंडाला आहे आणि तो मुख्यतः कच्चा 265 लवकर न तोडण्यातून आला आहे.

18 फेब्रुवारी 2025

एकरी टनेज अंदाजापेक्षा कमी पडत असल्यामुळे ऊस लवकर संपणार हे स्पष्ट आहे. क्षमता उरली, ऊस उरला नाही, अशा वेळी क्रम लावण्यापेक्षा गिरणी अर्ध्या वेगाने किती दिवस चालवायची हा प्रश्न अधिक मोठा होतो. रोजच्या स्थिर खर्चाच्या तुलनेत येणाऱ्या उसाचा हिशोब मांडून दोन पर्याय दिले. खोडवा ठेवणाऱ्या सभासदांची तोड पंधरा तारखेच्या आत झाली. नदीपलीकडच्या एका गावात पाणंद रस्ता खचल्याने राहिलेले काही प्लॉट त्याला अपवाद आहेत.

20 मार्च 2025

17 तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने दोन हप्त्यांत एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा रास्त व किफायतशीर दर) देण्याचा राज्याचा 2022 चा निर्णय रद्द केला. यंदा 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये असा दर आहे आणि त्यावरील प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.32 रुपये, म्हणजे टनाला 33 रुपये 20 पैसे, वाढतात. उतारा वाढला तर त्याचा वाटा शेतकऱ्याला मिळतो; पण दर मागील हंगामाच्या उताऱ्यावर ठरतो, त्यामुळे यंदा चार आठवडे थांबलेल्या सभासदाला त्याचे फळ पुढच्या वर्षी मिळेल, आणि तेही न थांबलेल्याइतकेच. थांबणाऱ्याला वेगळी भरपाई द्यावी का, असा विषय वार्षिक सभेपुढे ठेवण्याची शिफारस अहवालात केली. मुदतींच्या आलेखावरून त्या भरपाईची वरची मर्यादा काढता येते. तो आकडा परिशिष्टात दिला आहे.

सर्व फाइली शेतकी विभागातील दोन कर्मचाऱ्यांकडे सोपवल्या. दर रविवारचा कार्यक्रम फेब्रुवारीपासून तेच काढत होते. नव्या ऊस नोंदीच्या अर्जात तीन रकाने वाढवले आहेत : क्षेत्राचे एकक, प्लॉटचा स्वतंत्र क्रमांक आणि खोडवा ठेवणार की नाही. जुलैच्या आडसाली लागणीपासून तोच अर्ज वापरला जाईल, आणि नोव्हेंबरातील खोडव्याचे नमुने या वर्षी सर्व गटांतून घ्यायचे ठरले आहे.